खेळाच्या संगणकाची जुळणी

संगणकाच्या दुकानात दर्शनी काचेमागे हल्ली एक पेटी हटकून मांडलेली असते. तिची एक बाजू काचेची असते. आत पंख्यांभोवती तांबडे, निळे, जांभळे दिवे फिरत असतात. आणि वर एक कागद डकवलेला असतो : ‘आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी’. किंमत अशी की इतरत्र याच वर्णनाच्या यंत्राला दुप्पट पैसे सांगतात. मुलाने बारावीला चांगले गुण मिळवलेले असतात, वडिलांनी शब्द दिलेला असतो, आणि वर्षभर बाजूला ठेवलेली रक्कम त्या पेटीवर खर्च होते. पुढे आठ-पंधरा दिवसांत उमगते की ज्या खेळासाठी हा सारा खटाटोप केला तो खेळ या यंत्रावर सुरूच होत नाही. किंवा सुरू झाला तरी चित्र असे अडखळत सरकते की पाहणाऱ्याला शीण यावा.

मौज अशी की दुकानदार खोटे बोललेला नसतो. कागदावरचे प्रत्येक अक्षर खरे असते. ‘आय सेव्हन’ हे एका प्रोसेसरचे नाव नव्हे. इंटेल कंपनीने २००८ साली सुरू केलेल्या एका मालिकेचे ते नाव आहे, आणि त्या नावाखाली पुढील पंधरा वर्षांत चौदा पिढ्या होऊन गेल्या. खरी ओळख नावापुढील आकड्यात असते. २६०० या आकड्यातील आरंभीचा २ दुसरी पिढी दाखवतो. ती २०११ सालची. १२४०० यातील १२ म्हणजे बारावी पिढी. ती २०२१ च्या नोव्हेंबरात बाजारात आली. बाराव्या पिढीतील धाकटा ‘आय थ्री’ दुसऱ्या पिढीतील थोरल्या ‘आय सेव्हन’ला खेळात सहज मागे टाकतो. घराण्याचे नाव एकच असले तरी पणजोबांना पणतूबरोबर धावायला लावण्यासारखे हे आहे. पुढे ‘कोअर अल्ट्रा’ या नव्या मालिकांतून इंटेलने ‘आय’ हे अक्षरच गाळून टाकले. पण बाजाराच्या जिभेवर ते अजून बसलेले आहे, आणि जुन्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेली यंत्रे त्याच अक्षराच्या पुण्याईवर विकली जातात.

अशा जुन्या यंत्राची दुसरीही एक अडचण आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासूनचे आहेत, आणि तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मदरबोर्डात असावी लागते. काही लोकप्रिय खेळ स्वतःही तेवढ्याच कटाक्षाने तपासणी करतात. व्हॅलरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट यांच्याविना चालत नाही. तेव्हा पेटी कितीही झगमगणारी असली तरी ‘प्रोसेसरचा पूर्ण आकडा कोणता?’ हा प्रश्न पैसे काढण्यापूर्वी विचारला गेलाच पाहिजे.

आता सुटे भाग निवडून यंत्र जुळवायचे ठरवले, तर सुरुवात कोठून करावी? बहुतेक तरुण प्रोसेसरपासून करतात. वस्तुतः सुरुवात करावी ती पडद्यापासून, म्हणजे मॉनिटरपासून. कारण खेळाच्या संगणकाचे सारे काम त्या पडद्यासाठी चालते. पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. त्यांतील प्रत्येकीला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एक फ्रेम सिद्ध करण्यास संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम दाखवायच्या तर जेमतेम ७ मिलिसेकंद. चित्रपट आधीच चित्रित झालेला असतो. खेळात मात्र खेळणारा केव्हा वळेल हे कोणालाच ठाऊक नसल्याने प्रत्येक फ्रेम त्या क्षणी नव्याने घडवावी लागते.

पडद्याच्या बारकाव्यावरही कामाचा बोजा अवलंबून असतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके भरावे लागतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख. आणि ज्याला बाजारात ‘फोर-के’ म्हणतात त्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ८२.९ लाख, म्हणजे साध्याच्या नेमके चौपट. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सवलतीत मोठा फोर-के पडदा स्वस्त मिळाला म्हणून घेणारा मनुष्य आपल्या ग्राफिक्स कार्डावर किती मजुरी लादून आला आहे हे त्याला घरी आल्यावर कळते. वेगवान नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यास साधा, पण १४४ हर्ट्‌झचा पडदा अधिक उपयोगी पडतो. कथाप्रधान, निसर्गदृश्यांनी नटलेले खेळ आवडणाऱ्यास १४४० ओळींचा पडदा समाधान देतो. मध्यमवर्गीय घरातील पहिल्या यंत्रासाठी फोर-केचा हव्यास धरू नये, हेच शहाणपणाचे.

पडदा ठरला की कामाची वाटणी समजून घ्यावी. प्रत्येक फ्रेम घडवताना दोन कारागीर राबत असतात. प्रोसेसर खेळाचे नियम सांभाळतो : शत्रू कोठे आहे, चेंडू कोठे आदळला, दार उघडले की नाही. मग ‘अमुक वस्तू अमुक जागी रंगव’ अशी आज्ञा तो ग्राफिक्स कार्डाला देतो, आणि कार्ड ते लक्षावधी ठिपके रंगवते. स्वयंपाकघरात एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसा हा प्रकार आहे. लाटणारीचा हात मंद असेल तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारी मंद असेल तर लाटलेल्या पोळ्यांचा ढीग साचतो. पानात पोळ्या पडतात त्या दोघींपैकी जी सावकाश तिच्याच वेगाने. खेळातील ठिपके वाढवले की भाजणारीचे काम वाढते. फ्रेमची संख्या वाढवली की दोघींचेही वाढते. म्हणूनच नेमबाजीच्या खेळात सेकंदाला दोनशे फ्रेम हव्या असणाऱ्याला चांगला प्रोसेसर लागतो, आणि फोर-केवर साठ फ्रेमवर समाधानी असणाऱ्याला मध्यम प्रोसेसर व जबरदस्त कार्ड लागते. महागडे कार्ड दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला जोडणे म्हणजे मोठा तवा आणून लाटणारी तीच ठेवणे होय.

तरीही सर्वसाधारण नियम सांगायचा तर पेटीच्या एकूण खर्चापैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग ग्राफिक्स कार्डावर घालावा. निवडीचा खरा कस येथेच लागतो, आणि फसगतही येथेच होते. कार्डांच्या चिप मुख्यतः एनव्हिडिया आणि एएमडी या दोन कंपन्या घडवतात. २०२२ पासून इंटेलही ‘आर्क’ या नावाने या क्षेत्रात उतरली आहे. त्या चिप घेऊन अन्य कंपन्या पंखे व पट्टी जोडून कार्डे विकतात. त्यामुळे एकाच चिपचे दहा मुखवटे बाजारात दिसतात. तीन पंख्यांचे कार्ड दोन पंख्यांच्या कार्डाहून थंड व शांत राहील, पण खेळ फारसा वेगाने चालवणार नाही. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे वरच्या चिपमध्ये घातलेले बरे.

फसगत होते ती एकाच नावाखाली दोन वस्तू विकल्या जातात तेव्हा. २०१६ सालचे जीटीएक्स १०६० हे कार्ड तीन आणि सहा जीबी स्मृतीच्या दोन प्रकारांत आले. फरक केवळ स्मृतीचा आहे असे घेणाऱ्यास वाटे. प्रत्यक्षात तीन जीबीच्या कार्डात गणन करणारे घटकही कमी होते, १२८० च्या जागी ११५२. आरटीएक्स ३०५० चे तेच झाले. २०२२ सालच्या आठ जीबीच्या कार्डात २५६० घटक, तर २०२४ साली आलेल्या सहा जीबीच्या कार्डात २३०४. याउलट २०२३ सालचे आरटीएक्स ४०६० टीआय आणि २०२५ सालचे ५०६० टीआय यांच्या आठ व सोळा जीबीच्या प्रकारांत चिप एकच आहे, फरक खरोखरच स्मृतीचा आहे. मग सोळा जीबी कशाला? तर कार्डाची स्वतःची स्मृती म्हणजे रंगाऱ्याच्या हाताशी असलेला ओटा. ओट्यावर मावले नाही की प्रत्येक डबा कोठारातून आणावा लागतो, आणि चित्र अडखळते. २०२३ साली संगणकावर आलेल्या काही मोठ्या खेळांनी साध्या पडद्यावरदेखील आठ जीबीची मर्यादा दाखवून दिली. चार-पाच वर्षे कार्ड वापरण्याचा विचार असेल तर बारा किंवा सोळा जीबीकडे वळावे. केवळ व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यास आठ जीबी आजही पुरतात.

जाहिरातीतील आलेखांविषयी येथे दोन शब्द आवश्यक आहेत. २०१८ पासून एनव्हिडियाने, आणि पुढे इतरांनी, कमी ठिपक्यांचे चित्र रंगवून ते गणिताने मोठे करण्याची युक्ती आणली. ती उपयुक्त आहे, आणि नव्या आवृत्त्यांत डोळ्याला फरक क्वचितच जाणवतो. २०२२ पासून त्यापुढची पायरी आली : दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम यंत्राने कल्पून घालायची. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे नवे आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतील सर्वांत बलाढ्य ४०९० इतके काम देईल असे जाहीर केले. त्या हिशेबात प्रत्येक खऱ्या फ्रेममागे तीन कल्पित फ्रेमची भर होती. ती वगळून स्वतंत्र परीक्षकांनी मोजले तेव्हा ५०७० बरेच मागे राहिले. कल्पित फ्रेमने चित्र गुळगुळीत दिसते, परंतु खेळाडूने कळ दाबल्यावर बंदूक झडण्यास लागणारा वेळ कमी होत नाही. उलट किंचित वाढतो. मुळात साठेक खऱ्या फ्रेम मिळत असतील तर ही सोय छान. वीसच मिळत असतील तर ती सोय नव्हे, मेकअप होय. आलेख पाहताना ‘खऱ्या फ्रेम किती?’ एवढेच पाहावे.

प्रोसेसर निवडताना त्याच्यासह मदरबोर्डही निवडला जातो, कारण प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ती खोबण, म्हणजे सॉकेट, बोर्डावर असते. येथे पुढील पाच वर्षांचा विचार करावा. एएमडीची एएम-४ ही खोबण याचे उत्तम उदाहरण आहे. २०१७ साली पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी ज्यांनी बोर्ड घेतला, त्यांतील कित्येकांना बोर्डाची बायोस अद्ययावत करून एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८०० एक्स-थ्री-डी हा प्रोसेसर त्याच खोबणीत बसवता आला. ९६ एमबीच्या मोठ्या कॅशमुळे हा प्रोसेसर त्या वेळी खेळासाठीच्या सर्वोत्तमांपैकी एक होता. म्हणजे पाच वर्षांनी केवळ एक भाग बदलून यंत्र नवे झाले. त्याच २०१७ साली इंटेलचे उदाहरण नेमके उलट घडले. जानेवारीत सातव्या पिढीसह आलेले बोर्ड ऑक्टोबरात आलेल्या आठव्या पिढीला चालले नाहीत, आणि तेही दोन्हींच्या खोबणीचे नाव एलजीए ११५१ असताना. टाचण्यांची संख्या सारखी म्हणून प्रोसेसर आणून बसवणाऱ्यांची केवढी निराशा झाली असेल! एएमडीची पुढची खोबण एएम-५ सप्टेंबर २०२२ मध्ये आली. ती डीडीआर-५ स्मृतीच घेते, आणि नव्याने जुळणी करणाऱ्यास पुढील वाढीसाठी ती सोयीची आहे.

प्रोसेसरच्या आकड्यामागील अक्षरेही वाचावीत. इंटेलच्या आकड्यामागे ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखवण्याची अंगची सोय नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडून दुरुस्तीस गेले की पडदा काळाच. एएमडीच्या आकड्यामागे ‘जी’ असेल तर अंगची सोय इतकी चांगली असते की हलके खेळ कार्डाशिवायही खेळता येतात. ज्या घरात एकदम सारे पैसे उभे राहत नाहीत तेथे हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे : आज ‘जी’ प्रोसेसर घ्यावा, वर्षभराने कार्ड जोडावे. मात्र कोणता प्रोसेसर घ्यायचा तो आठ-आठ गाभ्यांच्या मोहात पडून घेऊ नये. खेळासाठी अलीकडच्या पिढीतील सहा गाभ्यांचा प्रोसेसर आज पुरेसा आहे. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर जुन्या बाजारात घेताना थोडे जपावे. जादा व्होल्टेज मागण्याच्या दोषामुळे त्यांतील काही अस्थिर झाल्याचे २०२४ साली कंपनीने मान्य केले, बायोसची दुरुस्ती दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती पुढील हानी थांबवते. झालेली हानी भरून काढीत नाही.

रॅमच्या बाबतीत एक साधी गोष्ट सर्रास चुकते. सोळा जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण बोर्डावर स्मृतीकडे जाणारे दोन रस्ते असतात आणि एका पट्टीने एकच रस्ता वापरला जातो. ‘जी’ प्रोसेसरवर तर एका पट्टीमुळे खेळाचा वेग फारच घसरतो. दुसरी गोष्ट अशी की खोक्यावर ६००० किंवा ३२०० असा वेग छापलेला असला तरी पट्टी बसवल्यावर ती सावध, कमी वेगाने चालू लागते. छापील वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू करावी लागते. ती कधीच चालू न करता वर्षानुवर्षे खेळणारे महाभाग थोडे नाहीत. तोच प्रकार १४४ हर्ट्‌झचा पडदा घेऊन तो विंडोजच्या मांडणीत ६० वरच ठेवणाऱ्यांचा, आणि ग्राफिक्स कार्ड घेऊन पडद्याची केबल मदरबोर्डाला जोडणाऱ्यांचा. रॅमच्या किमतींबाबत मात्र कोणताही सल्ला देणे कठीण झाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे स्मृतीचे उत्पादन वळल्याने २०२५ च्या अखेरीस भाव झपाट्याने चढले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच आवरता घेण्याचे जाहीर केले. जुन्या यंत्रातील डीडीआर-४ पट्ट्या चांगल्या असतील तर त्या वापरता येतील असा बोर्ड घेणे, हा अशा वेळी कमीपणा मानू नये.

साठवणीविषयी फार बोलण्यासारखे नाही. एसएसडी घ्यावी, एनव्हीएमई प्रकारची घ्यावी, आणि एक टीबीची घ्यावी, कारण शंभर जीबीहून मोठे खेळ आता नवलाचे राहिलेले नाहीत. सेकंदाला साडेतीन हजार एमबी वाचणारी की सात हजार, याने खेळ सुरू होण्यात जो फरक पडतो तो बहुधा घड्याळानेच मोजावा लागेल.

ज्या भागाविषयी कोणी विचारीत नाही, त्याच भागाविषयी सर्वाधिक काळजी घ्यायला हवी. तो भाग म्हणजे वीज पुरवणारा डबा. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतील २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तो १२ व्होल्टची सरळ वीज देतो, आणि प्रोसेसर व कार्ड दोन्ही त्या १२ व्होल्टवर जगतात. बाजारात कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट म्हणून जो डबा मिळतो त्यावर ठळक अक्षरांत ‘४५०’ छापलेले असते. ते वाचून थांबू नये. डब्याच्या बाजूस एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्या आकड्याला बाराने गुणावे. समजा, तेथे १६ लिहिले असेल तर बारा सोळे १९२. एवढे वॅट तो डबा प्रत्यक्षात कार्ड आणि प्रोसेसर यांना देऊ शकतो, आणि तेही तक्ता खरा असेल तर. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यात हाच गुणाकार जवळजवळ ५५० पर्यंत येतो. शाळकरी मुलालाही जमेल असे हे गणित आहे, आणि दुकानात उभ्या उभ्या करता येते.

आता खर्चाची बाजू. ६५ वॅटचा मध्यम प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० सारखे ११५ वॅटचे कार्ड यांना सारे धरून तीनशे वॅटही लागत नाहीत. मग मोठा डबा कशासाठी? कारण कार्डाची मागणी सपाट नसते. क्षणाच्या सूक्ष्म भागापुरती ती नेहमीच्या दुप्पटही होते. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने मोठ्या डब्यांना क्षमतेच्या दुप्पट भार एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत पेलता आला पाहिजे असे ठरवून दिले. दुबळा डबा अशा वेळी यंत्र अचानक बंद करतो, आणि मुलगा मात्र खेळाला, विंडोजला किंवा नशिबाला दोष देत बसतो. डब्यावरील ‘एटी प्लस’ची ब्राँझ वा गोल्ड ही मुद्रा विजेचा किती भाग उष्णतेत वाया जातो एवढेच सांगते; आतील भाग किती टिकाऊ आहेत, शॉर्ट झाल्यास डबा स्वतःला आवरतो की नाही, हे ती सांगत नाही. पाच किंवा अधिक वर्षांची हमी देणारा डबा घ्यावा. मुद्रेपेक्षा हमी अधिक बोलकी असते.

वीज ही चेष्टेची वस्तू नव्हे, याचे एक मोठे उदाहरण २०२२ च्या अखेरीस घडले. आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डाचे नवे, बारीक जोड कित्येक ठिकाणी वितळले. ४५० वॅट १२ व्होल्टने न्यायचे म्हणजे साडेसदतीस अँपिअर. घरातील गिझरच्या १६ अँपिअरच्या प्लगाहून दुपटीपेक्षा अधिक प्रवाह बोटभर रुंदीच्या जोडातून. तपासात मुख्यतः असे आढळले की जोड शेवटपर्यंत आत बसवलेला नव्हता. २०२३ साली त्या जोडाची रचना सुधारण्यात आली. लहान कार्डांना हा धोका नाही; पण कोणताही जोड ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावा, ही सवय सर्वांनाच हितकर आहे. घराच्या तारेत अर्थिंग आहे की नाही हेही वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन भोकांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात त्या यामुळे. यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, बहुधा ३६० च्या आसपास, हे ध्यानात असावे.

परदेशी परीक्षकांचे अहवाल वाचून भाग निवडणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. ते परीक्षक बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसलेले असतात. पंखा कितीही मोठा असला तरी तो यंत्राला खोलीहून थंड करू शकत नाही. खोली जेवढी तापेल तेवढाच यंत्राचा पारा वर चढतो. परीक्षकाच्या खोलीत प्रोसेसर ६५ अंशांवर होता म्हणून ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, जेव्हा बाहेर ४५ अंश आणि आत ३८, तो ६५ वर राहणार नाही. ऐंशीच्या पुढे जाईल. नव्वद-शंभरच्या सुमारास प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवून जीव वाचवतो, आणि फ्रेम घटतात. म्हणून कॅबिनेट घेताना समोरची बाजू जाळीची पाहावी. समोरून पूर्ण काच असलेल्या पेट्या दुकानात देखण्या दिसतात. आत हवा कोठून शिरणार, हा प्रश्न मात्र त्या दिव्यांच्या रोषणाईत कोणाला पडत नाही. समोरून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढे पुष्कळ होते. दख्खनच्या पठारावर धूळ ही शत्रू. जाळीमागे काढून धुता येईल अशी गाळणी असावी, आणि ती महिन्याकाठी धुवावी. गोव्याच्या किनाऱ्यावर शत्रू निराळा, खारट दमट हवा. तेथे यंत्र खिडकीखाली ठेवू नये, आणि पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे बंदही ठेवू नये. रोज थोडा वेळ चालले तर आतील ऊब ओल धरू देत नाही.

जुनी ग्राफिक्स कार्डे घ्यावीत का, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. २०२० ते २०२२ या काळात इथर हे आभासी चलन खणण्यासाठी कार्डे इतकी उचलली गेली की खेळणाऱ्यांना ती दामदुपटीनेही मिळेनात. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, खाण एका दिवसात बंद पडली, आणि ती राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतील सारी वाईट नाहीत. पंख्यांचे बेअरिंग आणि आतली थर्मल पेस्ट झिजलेली असते, चिप बहुधा शाबूत असते. तरी कार्ड विकणाऱ्याच्या यंत्रावर अर्धा तास जड खेळ चालवून पाहिल्याखेरीज, आणि मूळ बिल हाती घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

नवे भाग घेताना मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर या जुन्या पेठांत भाव करता येतो. घरपोच मागवले तर कधी त्याहून स्वस्त मिळते. कोठूनही घेतले तरी जीएसटीसह बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, कारण हमी त्या नंबरावर चालते. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ असे जो सांगतो तो तीन वर्षांची हमी दोन हजारांत परत विकत घेत असतो. भाग तुकड्यातुकड्याने चार महिन्यांत जमवण्यापेक्षा पैसे साठवून एकदम घ्यावेत. आज घेतलेला मदरबोर्ड दिवाळीत आलेल्या प्रोसेसरबरोबर प्रथमच चालू होतो आणि तेव्हा तो मृत निघतो, तर बदलून देण्याची मुदत टळून गेलेली असते. घरी आणल्यावर सारे भाग टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्यावरच एकदा जोडून पडदा उजळतो का ते पाहावे, मग कॅबिनेटमध्ये बसवावे. कूलरच्या तळाचे प्लॅस्टिकचे पापुद्रे काढावेत. ते तसेच ठेवून ‘यंत्र तापते’ अशी तक्रार घेऊन आलेले ग्राहक प्रत्येक दुकानदाराला आठवतात. आणि रिकामी खोकी रद्दीवाल्याला देऊ नयेत. हमीत परत करताना ती लागण्याचा संभव असतो. तोवर माळ्यावर असू द्यावीत.